जानेवारीत काशी-प्रयाग आणि मनाली : थंडीची तयारी नेमकी कशाकशाची करायची?

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतून यंदा जानेवारीत दोन गट उत्तरेला निघालेत. ज्येष्ठ मंडळी प्रयाग, काशी, अयोध्या करणार आहेत आणि तरुण मंडळी आपापल्या गाड्या काढून मनालीला. मनालीवाल्यांची खरेदी कधीपासून चाललीय: थर्मल, हातमोजे, बूट, सगळं. काशीवाल्यांच्या बॅगेत मात्र एकेक स्वेटर आणि शाल. विचारलं तर म्हणतात, "तिथे कुठे बर्फ पडतो?" ह्या उत्तरामुळेच धागा काढतेय. नोकरीच्या निमित्ताने मी कानपूरला हिवाळे काढलेत आणि तिथली थंडी ठाण्यात बसून खरंच कळत नाही.

आपल्याकडे पहाटे १६ असलं तरी दुपारी तिशी गाठते. स्वेटर सकाळी चढतो, दहाला उतरतो. गंगेच्या खोऱ्यात डिसेंबरअखेरपासून हा हिशेब चालत नाही. पहाटे ८ आणि दुपारी १३-१४ असे दिवस ओळीने येतात. कारण धुकं. रात्र मोठी, आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि खाली नद्या, पाणी दिलेली गव्हाची शेतं. जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली दमट हवा निवते आणि धुकं धरतं. वरच्या बाजूला तुलनेने उबदार हवा असते, त्यामुळे खालची गार हवा आणि तिच्यातला धूर वर जाऊ शकत नाही. दिवसा धुकं जरासं उचललं जातं आणि खालच्या ढगासारखं पसरून राहतं. ऊन जमिनीपर्यंत येतच नाही. मग भिंती गार, फरशी गार, गादी गार. बाहेरून घरात आलं तरी ऊब मिळत नाही, कारण तिकडच्या साध्या घरात आणि लॉजमध्ये खोली गरम ठेवायची सोय नसतेच.

हवामान खातं मैदानात थंडीची लाट कधी म्हणतं? किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी. साडेसहाच्या आसपास किंवा जास्त कमी झालं की तीव्र लाट. पारा थेट ४ वर आला तर सरासरी बघतच नाहीत. डोंगराळ भागाला किमान तापमानाची अट शून्याची आहे. ह्याखेरीज 'शीत दिवस' वेगळा मोजतात, त्यात दुपारचं कमाल तापमान सरासरीपेक्षा किती खाली राहिलं ते बघतात. म्हणून मी घरच्यांना सांगते, फोनवर पहाटेचा आकडा बघता तसा दुपारचाही बघा. दुपारी १३ म्हणजे अंगातला गारठा निघायला दिवसभरात एकही तास नाही.

दुसरं, डोंगरातला बर्फ आणि मैदानातली लाट ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारे हिवाळी हवेचे पट्टे, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की मागून वायव्येचे कोरडे गार वारे खाली उतरतात. मनालीत बर्फ पडल्याची बातमी आली की साधारण एक-दोन दिवसांत पंजाब, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेशात पारा घसरतो. दोन्ही गटांनी एकाच बातमीवर नजर ठेवायला हवी.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी लिहा. ज्येष्ठांना वाचून दाखवणार आहे.

तीन_पेट्रोलपंप
धागा वेळेवर आला. माझ्या माहितीत एक भर. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदलं गेलं होतं आणि पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७. म्हणजे आपल्याकडे गारठा पडतच नाही असं नाही, पण तो मुक्काम करत नाही. किनाऱ्यावरच्या ठिकाणांसाठी तर खात्याने अटच सैल ठेवलीय: १५ किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचारने कमी असेल तर लाट म्हणता येते. बदलापूर-कर्जतकडे आपल्यापेक्षा बरंच गार असतं, येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनाही फरक कळतो.

माहेर_काशी
मी आता खारघरला असते, पण लहानपण दुर्गाघाटाजवळ गेलं. ब्रह्मघाट, दुर्गाघाट भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तशातलंच आमचं. कोलशेतकरताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. आमच्या घराला दगडी भिंती आणि गल्ली इतकी अरुंद की हिवाळ्यात ऊन फक्त गच्चीवर. आजी दुपारचं सगळं गच्चीवर करायची, मटार सोलणं, केस विंचरणं, जप. धुक्याचे दिवस आले की गच्चीचाही उपयोग नसे. मग पायात दोन मोजे, डोक्याला रुमाल आणि मांडीवर बोरसी. बोरसी म्हणजे मातीचं पसरट भांडं, त्यात गोवरी आणि कोळशाचे निखारे.

आता महत्त्वाचं. ती बोरसी रात्री झोपताना खोलीबाहेर जायची. आजी स्वतः उठून बघायची, कितीही गारठा असला तरी. दार लावून निखारा आत ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे तिकडे प्रत्येक घराला माहीत असतं आणि तरी दर हिवाळ्यात अशा बातम्या येतातच. कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निघत नाही म्हणून निखारा सुरक्षित वाटतो, पण धोका तोच. धर्मशाळेतला एखादा भला माणूस प्रेमाने शेगडी आणून देईल. हात शेका, पाय शेका आणि झोपायच्या आधी नमस्कार करून ती परत पाठवा. तंबूत राहणार असाल तर शेगडी आत घेऊच नका.

नावेचंही सांगते. पहाटेच्या दाट धुक्यात नावा बंद ठेवतात. कुणी जास्त पैशांवर न्यायला तयार झाला तरी बसू नका. गंगा कुठे पळून जात नाही, अकरानंतर जा. आणि मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, जरूर खा, तो फक्त ह्याच दिवसांत मिळतो.

कळव्याचा_डॉक्टर
माहेर_काशी ह्यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो, कारण हा विषय ठाण्याचाही आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो. रक्त फिरत असतं पण ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळ, चक्कर. माणसाला वाटतं, प्रवासाचा शीण आहे, जरा पडूया. पडला की संपलं. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, तो ९८ दाखवत राहतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर दुसरं कारण शोधत बसू नका. सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, मग हॉस्पिटल.

आता आपल्याकडचं. बाथरूममध्ये गॅस गिझर, खिडकी लहान आणि थंडी म्हणून तीही लावलेली. उत्तरेतल्या शेगडीची आणि ह्या बाथरूमची गोष्ट एकच आहे. गिझर बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसवा आणि नुसतं पाणी आत आणा. तसं जमत नसेल तर विजेचा घ्या.

वाशी_मार्केट
आमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षांपूर्वी कॉलेजातली मुलगी बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, ह्याच कारणाने. आईने हाक मारली, उत्तर नाही, शेजाऱ्यांनी दार तोडलं. मुलगी वाचली. त्या आठवड्यात आमच्या विंगमधल्या बहुतेकांनी गिझर बाहेर काढून घेतले. कुणावर वेळ येईपर्यंत थांबू नका एवढंच म्हणेन.

गिरीभ्रमर
मनालीवाल्यांसाठी लिहितो, गाडीने हिमाचल बऱ्यापैकी फिरलोय.

सगळ्यात आधी गाडीतलं पाणी बघा. आपल्याकडे रेडिएटरची पातळी कमी झाली की नळाचं पाणी ओततात आणि मुंबईच्या हवेत ते चालूनही जातं. मनालीत रात्री शून्याखाली गेलं की ते पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉकच तडकतो. निघण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धंअर्धं भरून घ्या. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी नको. बॅटरी जुनी असेल तर इथेच बदला, थंडीत तिची ताकद बरीच कमी होते.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही. ओला ब्रेक गोठून जाम होतो आणि सकाळी चाकं सुटत नाहीत. गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा, वायपर काचेपासून उचलून ठेवायचे. सकाळी काचेवर बर्फ दिसला म्हणून गरम पाणी ओतायचं नाही, काच जाते. गाडी आतून गरम होऊ द्या आणि प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा.

रस्त्यावर ढिगाने दिसणारा पांढरा बर्फ त्यामानाने बरा, तो दिसतो तरी. वाईट तो न दिसणारा. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळनंतर डांबरावर पातळ थर होऊन गोठतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतली वळणं, पुलावरचा रस्ता आणि बोगद्याची तोंडं इथे हमखास असतो. तिथे ब्रेक दाबला की गाडी तुमची राहत नाही. आधीच पहिल्या-दुसऱ्या गिअरवर या, स्टेअरिंग हळू वळवा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. पोलिसांनी पुढे फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) किंवा साखळी लावलेल्या गाड्या सोडल्या तर वाद घालू नका, स्थानिक टॅक्सी घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा ह्या पट्ट्यात अचानक बर्फ पडून हजारभर गाड्या अडकल्या होत्या. पोलीस रात्रभर एकेक गाडी खाली आणत होते.

नेरूळ_ईस्ट
दादा, अडकलोच तर? गाडीत हीटर लावून बसायचं ना?

गिरीभ्रमर
लावायचा, पण सतत नाही. आणि आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का ते हाताने बघायचं. बर्फाने ते बुजलं की धूर गाडीखालून आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी ह्या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक गाड्यांसकट बर्फात अडकले आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांमध्येच गेली. बऱ्याच जणांच्या मृत्यूचं कारण कार्बन मोनॉक्साइड असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. तासाला दहा मिनिटं इंजिन, वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी, दर वेळी सायलेन्सर साफ. गाडीत फावडं, ब्लँकेट, पाणी, चिक्की-खजूर, टॉर्च. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, गारठ्यात बॅटरी पटकन उतरते. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही.

डिझेलचंही. कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते ह्यासाठीच. मनालीपुरतं पाहायचं तर निदान शेवटची टाकी वर पोचल्यावर तिथल्याच पंपावर भरा.

घोडबंदर_रोड
एवढं घाबरवायची गरज आहे का? आम्ही दरवर्षी जातो, मुलं बर्फात खेळतात, भजी-चहा होतो, परत येतो. असे धागे वाचून लोक प्रवास रद्द करतात. उत्तर प्रदेशातही कोट्यवधी लोक राहतातच की.

कोलशेतकर
घोडबंदर_रोड, रद्द करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. उलट आईबाबांची काशी व्हावी म्हणूनच हा खटाटोप चाललाय. तिथले लोक राहतात ते शहाणपणाने राहतात, माहेर_काशी ह्यांची आजी रात्री बोरसी बाहेर ठेवायची तसं. तिथल्या गरिबाला थंडी चुकत नाही, रस्त्यावर झोपणारी माणसं दरवर्षी बळी पडतात, महापालिका चौकाचौकांत अलाव पेटवतात ते उगाच नाही. आपण पाहुणे म्हणून जातो, आपल्याला त्या सवयी नसतात आणि आपल्या शरीरालाही नसतात. मुलं बर्फात खेळतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्यांच्यावर असतं. पंचाहत्तरीच्या काकू धर्मशाळेच्या गार फरशीवर अनवाणी चालतात तेव्हा कुणाचंच नसतं. माझी काळजी तेवढीच आहे.

कळव्याचा_डॉक्टर
कोलशेतकर ह्यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. ८-१० अंशांत, ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, पोटात काही नसताना म्हातारं माणूस तिथवर पोचू शकतं. वयाप्रमाणे थंडी जाणवणंही कमी होतं, त्यामुळे "मला नाही वाजत" ह्यावर विसंबू नका. हुडहुडी भरते तोवर शरीर झगडतंय. हुडहुडी थांबली, बोलणं जड झालं, माणूस गप्प, गोंधळलेलं, झोपाळू झालं तर ती धोक्याची पायरी आहे. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, डोकं-मान झाका, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या आणि डॉक्टर गाठा. ब्रँडी अजिबात नको. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

बोटं बधिर, पांढरी पडली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. कोमट, म्हणजे अंगाइतक्याच उबेच्या पाण्यात बुडवा आणि पुन्हा गोठणार नाहीत ह्याची खात्री असेल तरच.

पहाटेच्या संगमस्नानाबद्दल लोक मला नेहमी विचारतात. श्रद्धेचा विषय आहे, मी नाही म्हणत नाही. पण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि गार पाण्यात एकदम शिरलं की हृदयाला धक्का बसतो. ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय, ज्यांचा दाब ताब्यात नाही त्यांनी ऊन पडल्यावर जावं, पायांपासून हळूहळू पाणी घ्यावं, डुबकी एकच. कोरडे कपडे हातात घेऊन कुणीतरी काठावर उभं हवं. प्रोक्षण केलं तरी पुण्य कमी होत नाही, हे मी डॉक्टर म्हणून नाही तर भाविक म्हणून सांगतो.

आणि पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, बाथरूमला जायचा कंटाळा म्हणून आज्या पाणी तोडतात, मग चक्कर येते.

वाशी_मार्केट
नाशिकहून येणाऱ्या द्राक्षांच्या गाडीवाल्यांकडून ऐकतो ते लिहितो. निफाडला कडाका पडला की बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. जानेवारीत तडकलेला माल आला की आम्हाला बाजारात बसूनच कळतं वर कसली थंडी पडलीय. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो पाहायला मजा वाटते, त्याच थंडीत ह्या लोकांच्या वर्षाची कमाई रात्रीत जाते. त्यामुळे आपल्या राज्यात थंडीचा त्रास नाही असं कुणी म्हणू नये.

खाडीकाठ
रेल्वेचं कुणी लिहिलं नाही. धुक्यात लोको पायलटला सिग्नल दिसत नाही. आता इंजिनात जीपीएसवर चालणारं यंत्र देतात, ते पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते सांगतं, पण वेग कमी ठेवावाच लागतो. उत्तर प्रदेशातून येणाऱ्या गाड्या सहा-आठ तास उशिरा येणं नेहमीचं. इथून सुटणाऱ्या गाडीला तेच डबे लागणार असतील तर ती इथूनच उशिरा सुटते, ठाण्यात धुक्याचा पत्ता नसला तरी. कामायनी, महानगरीने जाणाऱ्यांनी डबा एका वेळचा जास्त घ्यावा, औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि पोचल्याच दिवशी पुढचं काही बुक करू नये. मध्यरात्री गारठलेल्या प्लॅटफॉर्मवर उतरावं लागेल हे धरूनच कपडे वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

रात्रीची टॅक्सी तर नकोच. खातं दोनशे मीटरच्या आत दिसत असेल तर दाट धुकं म्हणतं आणि पन्नासच्या आत अतिदाट. पन्नास मीटर म्हणजे लोकलचे जेमतेम अडीच डबे. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने ते अंतर दोन सेकंदांत संपतं. अयोध्या-काशी टप्पा दहा वाजता निघून दिवसाउजेडी पुरा करा.

नेरूळ_ईस्ट
माझा भाऊ ह्याच महिन्यात मुंबईहून विमानाने थेट लेहला जातोय, सोबत दीड वर्षाचं बाळ. लिहा प्लीज.

कळव्याचा_डॉक्टर
बाळाला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून काही तासांत तिथे उतरल्यावर मोठ्यांनाही डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं होतं. मोठे सांगू शकतात, दीड वर्षाचं बाळ नुसतं रडेल आणि ते थंडीने, भुकेने की उंचीने हे कुणालाच कळणार नाही. मोठ्यांनी पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची, दारू-सिगारेट नाही, डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, आपल्या डॉक्टरांना विचारूनच. बसल्या जागी दम लागला, चालताना तोल जायला लागला तर वाट न बघता खाली उतरायचं. लेहहून थंडीत खाली उतरणं म्हणजे दुसऱ्या दिवशीचं विमान आणि तेही हवा खराब असली की रद्द होतं. हा विचार आधी करायला हवा.

गिरीभ्रमर
डॉक्टरांशी सहमत. आणि मनालीवाल्यांनो, ताजा बर्फ पडल्यावर उतारांच्या खाली फोटोला थांबू नका. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमस्खलनाला सगळ्यात घातक असतात. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्त्याच्या कामावरचे मजूर कंटेनरमध्ये असताना हिमस्खलन झालं आणि आठ जण गेले. ती रोज डोंगरात काम करणारी माणसं होती. चंडीगडहून संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते स्थानिक प्रशासनाकडून कळतात. हॉटेलवाल्याला नव्हे, पोलिसांना विचारा.

माहेर_काशी
कोलशेतकरताई, ज्येष्ठांचं आरक्षण झालं नसेल तर एक सुचवू? प्रयागचा माघ मेळा (संगमावरच्या स्नानाची जत्रा) महाशिवरात्रीपर्यंत असतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा उलटला की ऊन पडायला लागतं, धुकं पातळ होतं. मुख्य स्नानाची गर्दीची तिथी सोडून मधला दिवस धरा. कपड्यांत आतून सुती बनियन नको, घाम धरून गार पडतं. थर्मल, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. रबरी सपाता घरात घालायला, गरम पाण्याची पिशवी अंथरुणात.

कोलशेतकर
सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री क्लबहाउसमध्ये मोठ्याने वाचले. ज्येष्ठांनी तारखा पुढे ढकलल्या, आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं बघतोय. स्नान अकरा वाजता, ह्यावर थोडी नाराजी होती पण डॉक्टरांचं प्रोक्षणाचं वाक्य कामी आलं. सपाता आणि पिशव्या मी एकत्र आणणार आहे. मनालीच्या दोन गाड्यांत नळाचं पाणी निघालं, दोन्ही शनिवारी गॅरेजला जातायत. नेरूळ_ईस्ट, भावाशी बोलणं झालं का?

नेरूळ_ईस्ट
झालं. बाळ आजीकडे नेरूळलाच राहणार. वहिनीही थांबतेय, भाऊ मित्रांबरोबर जाईल. डॉक्टर, त्याला डायमॉक्सबद्दल त्याच्या डॉक्टरांना आजच विचारायला सांगितलंय.